लहान मोनोकॉक पिकअप चिखलात कितपत चालेल? कावेरीच्या बांधावरची कसोटी

तंजावर : कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात कुरुवै हंगामाचे भात सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कापणीला येते आणि त्याच सुमारास ईशान्य मोसमी पाऊस दाराशी येऊन ठेपतो. सरकारी खरेदी केंद्रावर भातातील ओलाव्याची सर्वसाधारण मर्यादा १७ टक्के आहे. कापलेले भात पावसात सापडले तर ते पुन्हा वाळवावे लागते. ढीग ओला राहिला तर दाण्याला मोड फुटतात आणि हंगामाची कमाई धोक्यात येते. शेतापासून डांबरी सडकेपर्यंतचे अंतर फारसे नसते. परंतु ते कालव्याच्या बांधावरून आणि ओल्या चिकणमातीतून कापावे लागते. मालवाहू गाडीची खरी परीक्षा तेथेच होते.

या वाटेवर मोटारीसारखा एकसंध सांगाडा असलेला लहान पिकअप चालेल काय, हा प्रश्न आता केवळ कुतूहलाचा राहिलेला नाही. उत्तर आणि दक्षिण अमेरिकेत अशा गाड्या स्थिरावल्या आहेत. भारतात महिंद्रा कंपनीने १५ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत नव्या मोनोकॉक आराखड्यावरील चार संकल्पना-गाड्या मांडल्या. त्यांपैकी 'व्हिजन एसएक्सटी' या गाडीला मागे उघडा हौदा होता. ती संकल्पनाच असली, तरी हा प्रकार भारतीय रस्त्यांवर आला तर शेतकऱ्याच्या कामाचा ठरेल की केवळ शहरी हौसेचा, याची चर्चा त्यामुळे अपरिहार्य ठरते.

उत्तर थोडक्यात असे : हलक्या भाराने, चारही चाकांना ओढ असताना आणि योग्य टायर लावले असता अशी गाडी बहुतेक कच्च्या वाटा पार करू शकते. पूर्ण भार घेऊन, सलग चिखलात, दिवसभर खेपा करण्यासाठी मात्र ती घडवलेली नसते. या दोन टोकांमधली सीमा कोठे पडते, हे समजून घेण्यासाठी तंजावरइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल.

शिडी आणि पेटी

भारतात मालवाहतुकीसाठी वापरले जाणारे पिकअप बहुतांशी 'लॅडर फ्रेम'वर उभे असतात. दोन लांब पोलादी तुळया आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या अशी ही शिडीसारखी चौकट असते. इंजिन, चाके, चालकाची केबिन आणि हौदा हे सारे तिच्यावर बसवलेले असते. हौदा आणि केबिन वेगवेगळे असल्याने त्यांच्यामध्ये फट दिसते. खाचखळग्यात चौकट थोडी पिळली गेली, तरी तो पीळ हौद्यापर्यंत आणि केबिनपर्यंत तितक्याच प्रमाणात पोहोचत नाही.

मोनोकॉक किंवा युनिबॉडी रचनेत अशी स्वतंत्र चौकट नसते. तळ, खांब, छत आणि बाजूचे पत्रे एकमेकांना जोडून तयार झालेली पेटीच सारा भार वाहते. आजच्या बहुतेक मोटारी याच पद्धतीच्या आहेत. या पेटीचे वजन कमी असते, ती सहजासहजी पिळली जात नाही, वळणावर गाडी स्थिर राहते आणि इंधनही कमी लागते. ती कमजोर असते, हा सर्वसाधारण समज चुकीचा आहे. उलट, पिळाला विरोध करण्याच्या बाबतीत चांगली पेटी शिडीपेक्षा सरस असते. तिची अडचण वेगळी आहे. हौद्यात टाकलेला भार थेट पेटीच्या मागील भागावर येतो आणि तो भाग किती मजबूत केला आहे, यावर गाडीची वहनक्षमता ठरते.

'मोनोकॉक म्हणजे हलके काम' हे समीकरणही सरसकट खरे नाही. ब्राझीलमध्ये २०१६ साली आलेल्या फियाट तोरो या मोनोकॉक पिकअपच्या डिझेल प्रकाराची वहनक्षमता एक टन आहे. अमेरिकेत २०२१ मध्ये दाखल झालेली फोर्ड मॅव्हरिक सुमारे ६८० किलो भार घेते. रेनोची ओरोक ही डस्टरवर बेतलेली गाडी २०१५ मध्ये ब्राझीलमध्ये आली; तिची क्षमता ६५० किलोच्या आसपास आहे. तुलनेसाठी, भारतात २००५ मध्ये आलेला टाटा एस पाऊण टनाच्या वर्गातला होता. महाराष्ट्रात ज्याला 'छोटा हत्ती' म्हणतात, त्यालाच तमिळनाडूत 'कुट्टी यानै' म्हणतात. अर्थ तोच, हत्तीचे पिल्लू.

या विदेशी गाड्यांचे नाते भारताशीही आहे. तोरो ज्या आराखड्यावर उभी आहे, त्याच घराण्यातील जीप कंपास २०१७ पासून पुणे जिल्ह्यातील रांजणगाव येथे तयार होते. ओरोकची थोरली बहीण डस्टर २०१२ पासून चेन्नईजवळच्या ओरगडम येथे तयार होत असे. म्हणजे असा पिकअप घडवण्यासाठी लागणारे तंत्र देशाला परके नाही. आजवर त्याच्या मागे हौदा जोडला गेला नाही, इतकेच.

चढ नसलेल्या प्रदेशातील अवघड वाट

'ऑफ-रोड' म्हटले की डोंगर, खडक आणि नदीपात्र डोळ्यांपुढे येते. तंजावरला यांपैकी फारसे काही नाही. व्यंकोजीराजांच्या वंशजांचे राज्य आणि सरस्वती महाल ग्रंथालय यांमुळे मराठी वाचकाला परिचित असलेले हे शहर सपाट भातशेतीच्या मधोमध वसले आहे. करिकाल चोळाने बांधल्याची परंपरा असलेल्या कल्लणै बंधाऱ्यापासून कावेरीचे पाणी वेण्णार आणि इतर शाखांमधून, असंख्य कालव्यांतून शेतात पोहोचते. मेट्टूर धरणाचे दरवाजे सोडण्याची रूढ तारीख १२ जून आहे; त्यानंतर हळूहळू सारा प्रदेश ओला होत जातो.

येथील अडचण उंचीची नाही, मातीची आहे. जुन्या त्रिभुज प्रदेशात गाळाची भारी चिकणमाती आहे. कोरडी असताना ती विटेसारखी कठीण होते. भिजली की तिची वजन पेलण्याची ताकद झपाट्याने घटते. चिखलणी केलेल्या शेतात पिकअपला मुळीच स्थान नाही. तेथे लोखंडी पिंजऱ्याची चाके लावलेला ट्रॅक्टर आणि पट्ट्यांवर चालणारी कापणी यंत्रेच उतरतात. पिकअप थांबतो तो बांधावर किंवा खळ्यावर. म्हणजे त्याला पार करायची वाट तीन टप्प्यांची असते. आधी अरुंद, मऊ बांध, मग बांधावरून सडकेवर चढणारा आखूड पण तीव्र उतार आणि अधूनमधून पाटाचे ओलांडायचे पाणी.

तंजावर शहराच्या दक्षिणेस चित्र बदलते. मेट्टूर धरण १९३४ मध्ये पूर्ण झाल्यावर ओरत्तनाडू, पट्टुकोट्टै या बाजूला नवे सिंचन पोहोचले. तेथे जमीन तांबूस आणि वाळूमिश्रित आहे, नारळाच्या बागा आहेत. नोव्हेंबर २०१८ मधील गज चक्रीवादळात याच पट्ट्यातील माड मोठ्या संख्येने उन्मळून पडले होते. पुढे अदिरामपट्टिणमच्या किनाऱ्याकडे वाळू वाढत जाते. एकाच जिल्ह्यात चिकणमाती, तांबडी माती आणि वाळू अशा तिन्ही परीक्षा गाडीला द्याव्या लागतात.

ओढ कोणत्या चाकांना?

गाडी चिखलात अडकते ती बहुधा सांगाड्यामुळे नव्हे, तर चाकांना पकड न मिळाल्यामुळे. लहान मोनोकॉक पिकअप मोटारीच्या आराखड्यावर बेतलेले असल्याने त्यांचे इंजिन पुढे आडवे बसवलेले असते आणि मूळ ओढ पुढच्या चाकांना असते. हौदा रिकामा असताना हे फायद्याचे ठरते, कारण इंजिनाचे वजन ओढ देणाऱ्या चाकांवरच असते. मागच्या चाकांना ओढ असलेला पारंपरिक टेम्पो रिकामा असताना ओल्या बांधावर घसरतो, हा चालकांचा नेहमीचा अनुभव आहे. त्यामागचे कारण हेच. मागची चाके हलकी पडतात.

हौदा भरला की पारडे फिरते. वजन मागे सरकते आणि त्यात बांधावरून सडकेवर चढताना ते आणखी मागे जाते. पुढची चाके हलकी होऊन जागीच फिरू लागतात. नेमक्या त्या क्षणी मागच्या चाकांना ओढ असलेला साधा टेम्पो अधिक पकडीने चढतो. त्यामुळे केवळ पुढच्या चाकांना ओढ असलेला मोनोकॉक पिकअप शेतीच्या कामाला घेणे जोखमीचे ठरते. चारही चाकांची ओढ तेथे चैन म्हणून नव्हे, गरज म्हणून लागते.

परंतु चारही चाकांची ओढही दोन प्रकारची असते. लॅडर फ्रेमवरील फोर बाय फोर गाड्यांत, उदाहरणार्थ इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्समध्ये, वेगळा ट्रान्सफर केस असतो. त्याद्वारे पुढचा आणि मागचा ॲक्सल यांत्रिकरीत्या जखडला जातो आणि 'लो रेंज' निवडल्यास चाकांपर्यंत पोहोचणारा जोर साधारण अडीच पट होतो. गाडी मुंगीच्या वेगाने पण ठामपणे पुढे सरकते.

लहान मोनोकॉक पिकअपमध्ये बहुधा अशी सोय नसते. पुढची चाके घसरू लागली की संगणकाच्या आज्ञेवरून चालणारा एक क्लच मागच्या चाकांकडे जोर वळवतो. एखादे चाक मोकळे फिरू लागले तर त्याला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे पाठवला जातो. ओला रस्ता, थोडासा चिखल किंवा पाटाची ओलांडणी यांसाठी ही व्यवस्था उत्तम आहे. चालकाला काही करावेही लागत नाही. तिची मर्यादा उष्णता ही आहे. खोल चिखलात क्लच बराच वेळ घसरत राहिला तर तो तापतो आणि स्वतःच्या बचावासाठी यंत्रणा मागची ओढ काही काळ कमी करते किंवा थांबवते. गाडी अडकते ती अशा वेळी.

निर्मात्यांनी ही उणीव भरून काढण्याचे प्रयत्न केले आहेत. मॅव्हरिकच्या 'ट्रेमर' या प्रकारात मागच्या दोन्ही चाकांना एकत्र जखडण्याची सोय आणि जमिनीपासून अधिक उंची दिली आहे. तोरोच्या डिझेल प्रकारात नऊ वेगांचा गिअरबॉक्स असून त्याचा पहिला गिअर विशेष जोरकस ठेवला आहे. लो रेंजची जागा यामुळे पूर्ण भरून निघत नाही, पण अंतर कमी होते.

उंचीचा आकडा आणि भाराचे सत्य

माहितीपत्रकात जमिनीपासूनची उंची ठळकपणे छापलेली असते. चारही चाकांच्या ओढीच्या मॅव्हरिकची ही उंची सुमारे २१८ मिलिमीटर आहे. ह्युंदाई सांता क्रूझचीही जवळपास तितकीच. ट्रेमरमध्ये ती सुमारे २३९ मिलिमीटर होते. हा आकडा वाईट नाही. मात्र तो रिकाम्या गाडीचा असतो, हे ध्यानात घ्यायला हवे.

येथे दोन्ही रचनांमधला एक महत्त्वाचा फरक पुढे येतो. पारंपरिक पिकअपच्या मागे अखंड ॲक्सल आणि पाटे असतात. ॲक्सलच्या मधला गोळा हा गाडीचा सर्वांत खालचा भाग असतो आणि तो चाकांना जोडलेला असल्याने हौद्यात कितीही भार टाकला तरी जमिनीपासून जवळपास तितक्याच उंचीवर राहतो. बहुतेक मोनोकॉक पिकअपमध्ये मागची दोन्ही चाके स्वतंत्रपणे हलतात. रिकामी गाडी त्यामुळे अंग मऊ ठेवून चालते. पण भार पडला की स्प्रिंगा दबतात आणि गाडीचे पोट सगळेच खाली येते. चाकोरीतील मधला उंचवटा मग तळाला घासू लागतो.

दुसरी बाब लांबीची. मोटारीच्या मागे हौदा जोडायचा तर चाकांमधले अंतर वाढवावे लागते. कंपासच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर सुमारे २.६४ मीटर आहे, तर त्याच घराण्यातील तोरोचे २.९९ मीटर. अंतर वाढले की बांधाच्या माथ्यावर गाडीचे पोट टेकण्याची शक्यता वाढते. तंजावरमध्ये पुढच्या बंपरच्या कोनापेक्षा हा मधला कोन अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण येथे खडक चढायचा नसतो, तर एका बाजूने बांधावर चढून दुसऱ्या बाजूला उतरायचे असते.

मोनोकॉक पिकअपच्या बाजूने बोलणारी गोष्ट म्हणजे तिचे वजन. मॅव्हरिक दीड ते पावणेदोन टनांच्या घरात आहे. हायलक्स दोन टनांपलीकडे जाते. टायर जमिनीवर टाकतो तो दाब ढोबळमानाने त्यातील हवेच्या दाबाइतका असतो. गाडी हलकी असेल तर टायरमध्ये हवा कमी ठेवता येते, टायर पसरतो आणि मऊ जमिनीत कमी रुततो. वाळूत हा फरक विशेष जाणवतो. चिकणमातीत मात्र हवा कमी करून सारे भागत नाही. नक्षीच्या खाचा माती झटकू शकल्या नाहीत, तर टायर काही क्षणांत गुळगुळीत होतो. रस्त्यासाठी बनवलेल्या टायरवर चारही चाकांची ओढ असलेली महागडी गाडीही तेथे हतबल होते.

पोत्यांचा हिशेब

क्षमतेचा अंतिम निवाडा पोत्यांच्या हिशेबात होतो. तमिळनाडूच्या खरेदी केंद्रांवर भाताचे पोते ४० किलोचे असते. एकरी दोन टन भात धरले तर ती ५० पोती होतात. ६८० किलो क्षमतेच्या गाडीत चालक आणि एक मदतनीस यांचे मिळून दीडशे किलो वजा केले की ५३० किलो उरतात. म्हणजे १३ पोती. एका एकराचे भात उचलायला चार खेपा लागतात. एक टन क्षमतेच्या गाडीत याच हिशेबाने २१ पोती बसतात आणि काम तीन खेपांत उरकते. दीड टनाचा पारंपरिक पिकअप ३३ पोती घेतो आणि दोन खेपांत मोकळा होतो.

मऊ बांधावर खेपांची संख्या ही केवळ वेळेची बाब नसते. प्रत्येक खेपेला चाकोरी खोल होत जाते. पहिली खेप सहज गेली म्हणून चौथीही जाईल, याची खात्री नसते. दुसरीकडे, दीड टन भरलेली जड गाडी पहिल्याच खेपेत बांधाची कड खचवू शकते. अनेक ठिकाणी भात ट्रॅक्टर-ट्रॉलीतूनच बाहेर काढले जाते, ते यामुळेच.

मग लहान मोनोकॉक पिकअपचे काम कोणते? रोपे, बियाणे, खताची काही पोती, पंपाचे साहित्य, भाजीपाला, केळीचे घड, नारळ, किनाऱ्यावरून मासळी. चार-पाचशे किलोंच्या आतला हा माल आहे. शिवाय त्याच गाडीतून कुटुंबाला कुंभकोणम किंवा तिरुच्चीला आरामात जाता येते. सकाळी बांधावर आणि दुपारी महामार्गावर असा ज्यांचा दिवस असतो, त्यांच्यासाठी हा प्रकार अर्थपूर्ण आहे. शंभर पोती बाहेर काढणाऱ्यासाठी नाही.

पीळ, पाणी आणि दुरुस्ती

आडव्या चरातून तिरके जाताना एक चाक वर आणि समोरच्या कोपऱ्यातले खाली जाते. अखंड ॲक्सलची गाडी अशा वेळी चाके जमिनीला टेकवून ठेवण्यात सरस असते. मोनोकॉक गाडीची पेटी ताठ राहते आणि एक चाक हवेत उचलले जाते. मग सारी भिस्त ब्रेकच्या साहाय्याने जोर वळवणाऱ्या संगणकावर येते. अधूनमधून हे चालते. रोजच्या वापरात ब्रेक आणि सांधे लवकर झिजतात.

पाण्याच्या बाबतीत सांगाड्यापेक्षा इंजिनाला हवा कोठून मिळते, ती जागा महत्त्वाची. ती खाली असेल तर पाटाच्या पाण्यातही इंजिन निकामी होऊ शकते. म्हणून निर्मात्याने सांगितलेली पाण्याची मर्यादा हा माहितीपत्रकातील दुर्लक्षित, पण निर्णायक आकडा आहे. चिखलाचे पाणी पेटीच्या पोकळ भागांत साचून राहिले तर गंज आतून लागतो. तो दिसत नाही, आणि पेटी हाच भार वाहणारा भाग असल्याने त्याची किंमत मोठी असते.

दुरुस्तीतही दोन्ही प्रकारांत अंतर आहे. शिडीची तुळई वाकली तर तालुक्याच्या गावातील कारागीर ती सरळ करू शकतो, पाटा तुटला तर दुसरा टाकतो. मोनोकॉक पेटीचा मागचा भाग वाकला तर मोजमापाची यंत्रे असलेली कार्यशाळा लागते. ऐन कापणीत गाडी आठवडाभर शहरात अडकणे लहान शेतकऱ्याला परवडणारे नसते.

गाडी पारखताना

तंजावरचा हा धडा अन्यत्रही लागू पडतो. मराठवाड्याची काळी माती पावसात कावेरीच्या चिकणमातीइतकीच चाकांना धरून बसते. कोकणातील तांबड्या मातीच्या चढांवर भरलेल्या गाडीची पुढची चाके अशीच हलकी पडतात. अशी गाडी बाजारात आली, तर तिची पारख चार प्रश्नांनी करता येईल. चारही चाकांना ओढ आहे काय आणि ती किती काळ टिकते? भरलेल्या हौद्यानिशी पोट जमिनीपासून किती उंच राहते? नेहमी वाहायचा माल मान्य वजनाच्या आत बसतो काय? आणि बिघाड झाल्यास ती जवळच्या गावात दुरुस्त होते काय?

याखेरीज एक प्रश्न दिवसांचा आहे. सांबा हंगामाचे भात जानेवारी-फेब्रुवारीत निघते, तेव्हा बांध कोरडे असतात आणि साधा टेम्पोही तेथवर पोहोचतो. चारही चाकांच्या ओढीची खरी गरज वर्षातून काही आठवडेच भासते. तिची किंमत, वजन आणि इंधन मात्र वर्षभर मोजावे लागते. ज्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या काही आठवड्यांवर अवलंबून आहे, त्याला ती किंमत जड वाटणार नाही. इतरांसाठी चांगले टायर, मर्यादित भार आणि पाऊस सुरू होण्यापूर्वी मुरूम टाकून पक्का केलेला बांध हाच अधिक स्वस्त आणि खात्रीचा उपाय ठरतो.